खच्ची बोकडाचा भरडा बंद करा
एकानं विचारलंय की हौसेनं पाळलेल्या, खच्ची केलेल्या (म्हणजे वृषण निकामी केलेल्या) उस्मानाबादी जातीच्या बोकडाला दोन्ही वेळा मक्याचा भरडा चालेल का. माझ्या मते हळूहळू बंदच करा. त्याला विकायचं नाही, मग खुराक कशाला? धान्यात आणि गव्हाच्या कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त, कॅल्शियम कमी. त्यातून मूतखडे होतात, आणि लहानपणी खच्ची केलेल्याची मूत्रनळी अरुंद राहत असल्यानं खडा तिथंच अडकतो. बोकड पाय ताणून कुंथतो, ओरडतो, लघवी थेंबथेंब होते. असं दिसलं की लगेच जनावरांचा डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. मूत्राशय फुटून जनावर जातं. शेवरी, बोरी-बाभळीचा पाला, तुरीचं भुसकट, थोडा कडबा एवढ्यावर तो छान राहतो. मिठाची चाटण टांगा म्हणजे पाणी जास्त पितो. पाणी मात्र रोज ताजं हवं, घाण पाण्याला शेळी तोंड लावत नाही.

करडांचं वेगळं. जन्मल्यावर तासाभरात चीक, म्हणजे शेळीचं व्याल्यानंतरचं पहिलं दूध, पोटात गेलाच पाहिजे. पुढं दिवसाला वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं दूध, तीन-चार वेळा विभागून. एकदम पोटभर पाजलं की हगवण लागते. दोन आठवड्यांनी कोवळा पाला तोंडाच्या उंचीवर बांधा, चिमूटभर भरडा ठेवा. तीन महिन्यांनी दूध तोडायला हरकत नाही.