कल्हईच्या कथलातला दुहेरी बीटा क्षय: अंदाजांत दसपट फरक कसा?

गोदाकाठ: मी नाशिकला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर भांडी बाजाराजवळ, आजोबा कल्हई करायचे. नवसागराचा वास आला की अजून तेच समोर उभे राहतात. प्रकल्पासाठी कथील-१२४ चा दुहेरी बीटा क्षय घेतला तोही त्यांच्यामुळेच. यात केंद्रकातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतात आणि दोन इलेक्ट्रॉन, दोन न्यूट्रिनो (जवळजवळ वस्तुमान नसलेले कण) बाहेर पडतात.

साध्या कथलात हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेला प्रकार) सुमारे ५.८ टक्के असतो. एकच इलेक्ट्रॉन टाकून त्याला अँटिमनी-१२४ होता येत नाही, ते त्याच्याहून जड आहे. एकदम दोन टाकले तर मात्र टेल्युरियम-१२४ होतं आणि २.२९ एमईव्ही (अणुकेंद्रकांसाठी वापरतात ते ऊर्जेचं एकक) ऊर्जा सुटते. आजीच्या पितळी पातेल्याला दहा ग्रॅम कथील लागलं असं धरून हिशेब केला. अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, एकावर २१ शून्यं इतकी वर्षं असेल, तर त्या पातेल्यात वर्षाला दोन अणूंचा क्षय होईल. एकावर २० शून्यं असेल तर वीस. वाचलेल्या पेपरांतले अंदाज एवढे पसरलेले आहेत. अणुकेंद्रक तेच, मग हे कसं? कुणाचं धरू?

जुना मास्तर, नाशिकरोड: विषय फार छान निवडलास. अडचण मधल्या अँटिमनीत आहे. कथील तिथे थांबू शकत नसलं तरी गणितात क्षयाच्या वाटा त्याच्या अनेक अवस्थांमधून जातात. कुठल्या वाटेचं योगदान धन, कुठलीचं ऋण, आणि शेवटी उरतं ते थोडंसं. आपल्याकडच्या द्राक्षबागेचा ताळेबंद घे. खर्च पाच लाख, उत्पन्न पाच लाख वीस हजार. खर्चाच्या नोंदीत दोनच टक्के चूक झाली तरी शिल्लक निम्मी किंवा दीडपट होते. शिवाय अक्षीय जोडणीचा स्थिरांक, म्हणजे बीटा क्षयाचा जोर ठरवणारा एक आकडा. मोकळ्या न्यूट्रॉनसाठी तो १.२७, पण केंद्रकात तो कमी असल्यासारखा वागतो, आणि क्षयाच्या दरात त्याचा चौथा घात येतो. वीस टक्के कमी धरला की अर्धायुकाल जवळपास अडीच पट!

पण एवढ्यावरून भाकितावरचा विश्वास सोडू नकोस. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३५ मध्ये हा क्षय कागदावर मांडला, प्रयोगशाळेत तो थेट दिसला १९८७ मध्ये, सेलेनियम-८२ मध्ये. कॅल्शियम-४८ चं मला सगळ्यात कौतुक वाटतं. कवच प्रतिमानातून (प्रोटॉन-न्यूट्रॉन केंद्रकात थराथरांनी बसतात असं मानणारी पद्धत) १९९० मध्ये त्याच्या अर्धायुकालाचं उत्तर काढलं होतं, एकावर १९ शून्यं इतक्या वर्षांच्या ३.७ पट. १९९६ मध्ये मोजमाप आलं ४.३ पटीच्या आसपास. आधी सांगितलं, मग दिसलं.

सिडको_रात्रपाळी: याच क्षयाचा न्यूट्रिनो न सोडता होणारा, अजून न दिसलेला प्रकार सापडला, तर त्याच्या दरावरून न्यूट्रिनोचं वस्तुमान काढायचं आहे. तिथे वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरं दोन-तीन पटींनी हलतात. म्हणून हे गणित महत्त्वाचं. कथील-१२४ साठी आपल्याकडे टीआयएफआरने (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) टिन-टिन प्रयोग आखलाय, तो नक्की बघा.

गोदाकाठ: सर, कॅल्शियममध्येच ते का जमलं?

जुना मास्तर, नाशिकरोड: २० प्रोटॉन, २८ न्यूट्रॉन, दोन्ही जादुई संख्या, म्हणजे कवचं पूर्ण भरलेली. अवस्था मोजक्या, त्यामुळे त्या कवचातल्या सगळ्या घेता येतात. कथलात प्रोटॉन ५० असले तरी ७४ न्यूट्रॉनांचं कवच अर्धवट भरलेलं आहे. अवस्थांची संख्या प्रचंड वाढते, मग प्रत्येक जण आपल्या पद्धतीने काटछाट करतो.

गोदाकाठ: मग आधी कॅल्शियमच करते. माझ्या प्रोग्रॅमने ४.३ च्या जवळचं काही दिलं, तरच कथलाला हात लावेन. उत्तर आलं की इथेच टाकते, सर. पातेलं अजून घरात आहे, वर्षाला दोन की वीस ते मला कळायलाच हवं.