संकल्पात ‘काश्यप’ म्हटलं तर कुणाचं काय गेलं?

उंबरठा:
काल इथेच एकाने लिहिलंय की ज्याला स्वतःचं गोत्र ठाऊक नाही त्याने पूजेत ‘काश्यप’ सांगणं म्हणजे उसना बाप लावणं, आणि गुरुजींनी अशा यजमानाला संकल्पच सांगू नये. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण डोकं तापलं म्हणून वेगळा धागा.

अहो, कश्यप म्हणजे कोण? मरीचीचा मुलगा, ब्रह्मदेवाचा नातू. महाभारत धरलं तर दक्षाच्या १३ मुली त्याच्या घरात. अदितीचे आदित्य, दितीचे दैत्य, दनूचे दानव, कद्रूचे नाग, विनतेचे अरुण-गरुड. शतपथ ब्राह्मण तर सगळी प्रजाच कश्यपाची म्हणून मोकळं होतं. ज्या घरात वामन आणि हिरण्यकशिपू दोघेही मावले, तिथे आमच्या सोसायटीच्या वॉचमनला जागा नाही?

मित्राच्या वास्तुशांतीला बसलो होतो. मित्र लातूरकडचा, त्याच्या घरात गोत्र कधी कुणी विचारलेलंच नाही. गुरुजींनी त्याच्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि “गोत्र?” म्हणून थांबले. हा बायकोकडे बघतोय, बायको सासूकडे, पाणी बोटांच्या फटींतून ताम्हनात गळतंय. मागून एक काका, “एवढंही माहीत नाही?” गुरुजींनी वरही न बघता “काश्यप म्हणा” सांगितलं आणि पुढे गेले. माणसाची लाज राखली. यात कुणाचा बाप उसना?

स्पष्टवक्ता:
ती पोस्ट माझीच, नाव घेऊन लिहिलंत तरी चाललं असतं. गोत्र खरंच हरवलं असेल त्याच्यासाठी काश्यप, ही सोय मलाही ठाऊक आहे. माझा राग आळशी लोकांवर आहे. आजोबा जिवंत असताना विचारायचं नाही आणि मग चौरंगापुढे बसून गुरुजींच्या तोंडाकडे बघायचं. आमचं खरंखुरं काश्यप. काश्यप, आवत्सार, नैध्रुव हे प्रवर, म्हणजे गोत्रातले मूळ ऋषी, मुंजीत घोकून घेतले होते, चुकलो तर आजोबा कान पिळत. आता ते ‘इतर’चा रकाना झालंय.

उंबरठा:
हिरण्यकशिपूचे कान कुणी पिळले होते म्हणे?

चिंचगूळ:
तुम्ही दोघं पूजेत अडकलात. खरा घोळ पुढे होतो. आमच्या बाबांनी सत्यनारायणाला असंच काश्यप सांगितलं. तेच आईने धाकट्या बहिणीच्या बायोडाटात लिहिलं, रकाना रिकामा दिसू नये म्हणून! चांगलं स्थळ आलं, मुलाला मुलगी पसंत, तिलाही तो पसंत. आठवड्याने त्याच्या आत्याचा फोन, “सगोत्र निघालं हो.” बाबा फोनवर ओरडून सांगतायत की आमचं खरं गोत्र आम्हालाच माहीत नाही, तर पलीकडून, “मग तर नकोच.” आता बोला.

बीटेक_शास्त्री:
आत्याबाईंचं चुकलं नाही. गोत्र म्हणजे वाय गुणसूत्राचा माग. बापाकडून मुलाकडे, जसंच्या तसं. ऋषींना हे कळलं होतं म्हणून सगोत्र विवाह वर्ज्य.

रानजाई:
आला का वाय! शास्त्रीबुवा, मुलीत वाय नसतोच. मग तिचं गोत्र कशाला जुळवता? दत्तक मुलगा गोत्र बदलतो, तेव्हा त्याचा वाय पण बदलतो का? क्षत्रियांनी पुरोहिताचं गोत्र लावायची रीत होती, तिथे कुणाचा वाय? आणि चाळीस पिढ्यांमागचा सामायिक पूर्वज तुम्हाला चालत नाही, पण मामाची मुलगी चालते! आमच्याकडे अजून “मामाचीच कर” म्हणून मागे लागतात. गोत्र वेगळं, सगळं शुद्ध. रक्ताने याहून जवळ कोण असणार होतं?

बीटेक_शास्त्री:
मामेबहिणीची चाल सगळ्यांत नाही. सरसकट बोलू नका.

रानजाई:
सगळ्यांत नाही, पण आहे ना? १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात आईकडून ३ आणि वडिलांकडून ५ पिढ्या वर्ज्य आहेत, आणि रूढी असेल तर त्यातूनही सूट. सगोत्राची अट कायद्याने १९४६लाच काढून टाकली. तरी आत्याबाई ऐकत नाहीत. माझ्या सख्ख्या मावशीला तिच्या मामेभावाला दिली. सासू म्हणजे मामी, भांडण झालं तर माहेरी कुठल्या तोंडाने जायचं? मामीच्या तक्रारी मामा थेट आजीला सांगायचा. मावशी चाळीस वर्षं गप्प राहिली. गोत्र मात्र छान वेगळं होतं.

मावळतीचा_वारा:
माझं लग्न आत्येबहिणीशीच झालंय. २६ वर्षं झाली, मजेत आहोत. सरसकट रडगाणं नको.

रानजाई:
मजेत कोण, ते वहिनींना लिहू द्या.

मावळतीचा_वारा:
वैयक्तिक होऊ नका, ताई. तुमच्या मावशीचं दुःख माझ्या घरावर का काढताय?

काळी_माती:
आम्हाला या गोत्राचं काही नाही. आमच्यात देवक, म्हणजे कुळाचं पूज्य झाड-पान, बघतात. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव. देवक एक निघालं तर सोयरीक बंद, बाकी गप्पा नकोत. शहरात आलो तर फॉर्मवर ‘गोत्र’ विचारलं, भाऊ म्हणाला काश्यप टाक, टाकलं. स्पष्टवक्तेसाहेब, माझा बाप उसना नाही, माझ्या सातबाऱ्यावर आहे.

स्पष्टवक्ता:
तो शब्द जास्त झाला असेल तर मागे घेतो. बाकी मत कायम. फॉर्मवर ‘लागू नाही’ लिहायचं होतं.

काळी_माती:
लिहून बघा एकदा. खिडकीतून कागद परत येतो.

कोकणकडा:
कश्यपाचा विषय निघालाच आहे तर ऐका. परशुरामाने पृथ्वी जिंकून दान दिली ती कश्यपालाच, म्हणून तर पृथ्वी ‘काश्यपी’. आणि दान घेतल्या घेतल्या कश्यपाने सांगितलं, आता माझ्या जमिनीवर राहू नकोस, दक्षिणेला समुद्राकडे जा. समुद्र हटला, शूर्पारक, म्हणजे आपली कोकणपट्टी, झालं. म्हणजे कोकण कश्यपाच्या खात्यात नाहीच! दान घेऊन दात्यालाच बाहेर काढणारा हा पहिला गृहस्थ. आमच्या वाट्याला काय? परशुराम घाट. पावसाळ्यात चिपळूणच्या अलीकडे गाडी अडकली की आमची आई तिथेच परशुरामाला हात जोडते. चौपदरीकरण बघून मी म्हातारा होणार.

उंबरठा:
महामार्गाचा धागा वेगळा आहे, राव.

कोकणकडा:
तो रखडलाय, म्हणून इथे आलो.

चिंचगूळ:
माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर देणार आहे का? आता तिच्या बायोडाटात काय लिहू? काश्यप ठेवलं तर काश्यपवाले नकार देणार, शांडिल्यवालेही एकाच गणातले, म्हणजे कश्यपाच्याच गटातले, म्हणून कुरकुरणार. काढलं तर “लपवताय का” विचारणार.

स्पष्टवक्ता:
काढून टाका. आणि वडिलांच्या मूळ गावी जाऊन एखादा जुना भाऊबंद गाठा, किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत शोध घ्या. कधी कधी नोंद सापडते. माझ्या पोस्टचा मुद्दा तोच होता, तुमच्या लक्षात येत नसेल तर इलाज नाही.

उंबरठा:
मुद्दा तोच होता तर आधी हेच लिहायचं ना, बाप कशाला काढलात?

रानजाई:
चिंचगूळ, त्या आत्याबाईंना आधी विचार, त्यांचे यजमान कुठल्या नात्यातले?