आफ्रिकन-अमेरिकन केसांसाठी कंडिशनर : कुठला घ्यावा आणि घरी करावा का?

कुरळीची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटात असतो. नवरा ब्लॅक अमेरिकन, लेक साडेपाच वर्षांची आणि केस पूर्ण बाबावर गेलेत, बॉलपेनच्या स्प्रिंगसारखे बारीक आणि घट्ट, ओले असले की खांद्यापर्यंत येतात आणि वाळले की कानाच्या वर चढून बसतात. विंचरायचं म्हटलं की रडारड. त्यात माझी आई साताऱ्याहून आलीये, ती म्हणते रोज रात्री खोबरेल चोपड, आपोआप मऊ होतील. सासूबाई म्हणतात रोज तेल अजिबात नको, आधी पाणी आणि भरपूर कंडिशनर. दोघी आपापल्या जागी ठाम. दुकानात त्या आयलमध्ये गेलं की बाटल्या बघूनच गरगरतं. कुठला घेऊ? आणि घरी करता येतो का?

झिपरी
सासूबाईंचं ऐका :)

मोगरा_शार्लट
माझ्या दोन्ही मुलांचे केस ४बी-४सी (कुरळ्या केसांच्या वर्गवारीतले सगळ्यात घट्ट प्रकार) आहेत म्हणून सविस्तर लिहिते. या केसाचं मूळच त्वचेच्या आत वळलेलं असतं आणि केस गोल नसून चपटा-लंबगोल असतो, त्यामुळे टाळूवरचं नैसर्गिक तेल वळणावळणाने खाली उतरतच नाही, टोकं कायम कोरडी. शिवाय प्रत्येक वळण ही तुटायची जागा. आपल्या सरळ केसांना जे आपोआप मिळतं ते इथे हाताने द्यावं लागतं. कोरड्या केसावर तेल लावलं तर वरून चकाकी येते पण आत ओलावा नसतोच, मग तेल धरून काय ठेवणार? म्हणून आधी पाणी, मग कंडिशनर, तेल शेवटी आणि थोडंच.

घेताना पुढच्या बाजूचं 'मॉइश्चर', 'रिपेअर' वगैरे सोडून द्या, बाटली उलटी करा. पहिल्या पाच-सहा नावांत पाणी, सिटेरिल किंवा सिटिल अल्कोहोल आणि बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट किंवा बेहेनट्रायमोनियम क्लोराइड दिसलं की बोटं सरकतील असा माल आहे समजायचं. अल्कोहोल नाव बघून घाबरू नका, ते मेणासारखं असतं, केस मऊच करतं. अल्कोहोल डिनॅट (केस सुकवणारं साधं अल्कोहोल) यादीत वर असेल तर मात्र ठेवून द्या. नावंच हवी असतील तर किंकी-कर्लीचं नॉट टुडे गुंता सोडवायला, अ‍ॅज आय अ‍ॅम आणि कमील रोजही बरे. शीआमॉइश्चर आणि मिएल सगळीकडे मिळतात. आमच्या घरात मात्र बाटली कोणाच्या मालकीची यावर चर्चा होते, कारण दोन्ही ब्लॅक लोकांनी सुरू केलेले ब्रँड, पण शीआमॉइश्चर २०१७ मध्ये युनिलिव्हरकडे गेलं आणि मिएल २०२३ मध्ये पी अँड जीकडे. माझी नणंद तेव्हापासून लहान ब्लॅक-ओन्ड ब्रँडच शोधते. तुमच्या सासूबाईंचंही मत असेल, विचारून बघा.

आणि बाटलीपेक्षा हात महत्त्वाचा. कोरडे केस कधीच विंचरू नका. ओले करून चार भाग, एकेका भागाला सढळ हाताने कंडिशनर, आधी बोटांनी गुंता मोकळा करायचा, मग रुंद दातांचा कंगवा आणि तोही टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे. रडारड निम्मी इथेच संपते. हे आठवड्यातून एकदाच, रोज नाही. मग दोन-तीन पदरी ट्विस्ट घालून सोडून द्या, रात्री सॅटिनची टोपी.

टेक्सासकर
एवढं सगळं करण्यापेक्षा रिलॅक्सर लावून सरळ करून टाका ना, सुटसुटीत.

झिपरी
साडेपाच वर्षांच्या पोरीला??

मोगरा_शार्लट
टेक्सासकर, रिलॅक्सर म्हणजे बऱ्याचदा सोडियम हायड्रॉक्साइड, टाळू भाजते त्याने. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सिस्टर स्टडी या बायकांच्या आरोग्याच्या मोठ्या अभ्यासात केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. नैसर्गिक केसांवरून नोकरीत, शाळेत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये क्राउन अ‍ॅक्ट करावा लागला, त्यानंतर बऱ्याच राज्यांनी केला. तेव्हा 'सुटसुटीत' जरा जपून म्हणा.

खोबरं_खाऊ
आजीचं खोबरेल अगदीच मोडीत काढू नका हो. २००३ मध्ये मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांचा पेपर आला होता, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी जातं, सूर्यफूल आणि मिनरल ऑइलचा तसा उपयोग दिसला नाही. आता मॅरिको म्हणजे पॅराशूटवालेच, ते खोबरेलाचं कौतुक करणारच :D पण कारण पटण्यासारखं आहे, खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्यामुळे आत जाऊ शकतं. तर न्हायच्या आधी तासभर आजीने चोपडावं, न्हाऊन झाल्यावर सासूबाईंची पद्धत. काहींचे केस खोबरेलाने कडक होतात, तसं झालं तर बंद.

कुरळीची_आई
हे बेस्ट आहे, दोघींना ड्यूटी मिळाली! घरी करायचं कोणी सांगेल का? व्हिडिओत केळं, अ‍ॅव्होकाडो, अंडं काय काय दाखवतात. आई मेथी आणि जास्वंद म्हणतेय.

मोगरा_शार्लट
केळं नको. कितीही कुस्करलं तरी तुकडे त्या गुंडाळ्यांत अडकतात आणि वाळल्यावर निघत नाहीत. जवस करा. पाव कप जवस, दोन कप पाणी, ढवळत उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालं की गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर गाळलंच जात नाही. भेंडीचाही असाच चिकट रस निघतो, इथल्या ब्लॅक बायका तोही वापरतात. जास्वंद चालेल. शिकेकाई नको, ती केस कोरडे करते. बाकी माका, आवळा, ब्राह्मी घ्यायला आमच्या देशी दुकानात आता ब्लॅक गिऱ्हाईकच जास्त दिसतं, आपल्या पोरी मात्र सल्फेटवाला शॅम्पू घेऊन निघून जातात.

रसायन_काका
जवसाचं पाणी छान आहे पण फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा, वास बदलला की फेका. आणि तो कंडिशनर नव्हे, नुसता घसरडेपणा. खरा कंडिशनर म्हणजे विजेचा खेळ आहे, झिजलेल्या केसावर ऋण भार असतो आणि बीटीएमएसवर (म्हणजे वर आलेलं बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट) धन, म्हणून ते चिकटून बसतं आणि पाणी ओतलं तरी थोडं मागे राहतं. साध्या इमल्सिफाइंग वॅक्सने (तेल-पाणी एकजीव करणारं मेण) केलंत तर अंगाला लावायचं लोशन होईल.

१०० ग्रॅमचं प्रमाण देतो, सगळं वजनकाट्यावर मोजायचं, चमचे नाहीत. डिस्टिल्ड पाणी ८२, ग्लिसरीन ३, बीटीएमएस-५० सहा, सिटिल अल्कोहोल ३, शिया बटर किंवा तेल ४, पॅन्थेनॉल १, प्रिझर्व्हेटिव्ह १. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, मेण-तेलाचं सगळं (बीटीएमएस, सिटिल अल्कोहोल, शिया) दुसऱ्यात, दोन्ही ७०-७५ अंश सेल्सियसला आणा, एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवा. ४० च्या खाली उतरलं की पॅन्थेनॉल आणि प्रिझर्व्हेटिव्ह. पीएच पट्टीवर ४ ते ५ मध्ये हवा, जास्त असेल तर लॅक्टिक अ‍ॅसिडचे थेंब.

प्रिझर्व्हेटिव्हला फाटा देऊ नका. पाणी आलं की बुरशी आलीच, दिसायला लागायच्या आधीपासून असते. व्हिटॅमिन ई हे प्रिझर्व्हेटिव्ह नाही, ते फक्त तेल खवट होऊ देत नाही. टी ट्रीचे चार थेंब म्हणजेही नाही. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा, लहान मुलीसाठी सुगंध घालूच नका.

कुरळीची_आई
काका, बीटीएमएस-२५ स्वस्त मिळतंय, चालेल? आणि जावेच्या मुलीलाही पाठवायचाय, ती शिकागोत असते.

रसायन_काका
चालेल, पण त्यात मुख्य द्रव्य निम्मं असतं, म्हणून ८ घ्या आणि पाणी २ कमी करा. शिकागोच्या बाटलीत हिवाळ्यात ग्लिसरीन ३ ऐवजी १ आणि उरलेलं पाणी. बाहेर हवा ठणठणीत कोरडी असली की जास्त ग्लिसरीन केसातलंच पाणी ओढतं अशी तिकडच्या बऱ्याच जणींची तक्रार असते. अटलांटाच्या दमट उन्हाळ्यातही केस फुगायला लागले तर १ वरच या. बाटलीवर तारीख घाला आणि ओला हात डब्यात घालू नका, पंपाची बाटली घ्या.