स्पिरिटच्या दिव्यात मिथेनॉल वापरावे काय?

प्रश्न : धानोऱ्याचा मास्तर

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेतील दिव्यांसाठी आम्ही दरवर्षी डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल (दारूतील अल्कोहोल), मागवतो. यंदा मात्र पुरवठादाराने काहीही न विचारता पाच लिटर मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) पाठवले आणि फोनवर "हेही जळतेच की" एवढेच उत्तर दिले. तो कॅन सध्या टिनपत्र्याच्या छपराखालील भांडारखोलीत, फिनाईलच्या बाटल्यांशेजारी ठेवला आहे.

हे मिथेनॉल दिव्यात भरता येईल काय, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला याच्यावर क्षार टाकून रंगीत ज्योती दाखवता येतील काय, हे मला विचारायचे आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, मिथेनॉल आणि इथेनॉल यांतील फरक शाळेत ओळखण्याची खात्रीची चाचणी कोणती? जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असली तरी 'स्पिरिट' हा शब्द गावात कोणत्या अर्थाने घेतला जातो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कॅन उतरवताना आमच्या चौकीदाराने हसत हसत "सर, हे पेयाचं हाय का?" असे विचारले, आणि तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र (यवतमाळ)

सर, आपली अस्वस्थता योग्य आहे. पुरवठादाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मिथेनॉल जळते, आणि पूर्ण जळाले तर कार्बन डायऑक्साइड व पाणीच तयार होते. आगीच्या दृष्टीने इथेनॉल आणि मिथेनॉल यांत फारसा फरक नाही. दोघांचीही वाफ हिवाळ्यातील खोलीच्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते. परंतु मिथेनॉलची ज्योत इतकी फिकट निळी असते की उन्हात ती दिसतच नाही, आणि विझलेला समजून जळत्या दिव्यात पुन्हा द्रव ओतण्याची चूक त्यामुळेच घडते.

मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली ४५ अंश सहज होतात, आणि त्या तापमानाला त्याच्या वाफेचा दाब २० अंशांच्या तुलनेत तिपटीहून अधिक असतो. कॅन त्या खोलीतून आजच हलवावा.

रंगीत ज्योतींचा प्रयोग या द्रवाने मुळीच करू नये. मुले टेबलाभोवती जमलेली असतात, ज्योत मंद होते, शिक्षक कॅनमधून थोडे आणखी ओततात, आणि ज्योत धारेवरून उलट चढून कॅनमधील वाफेपर्यंत पोहोचते. पेटलेला द्रव मग पिचकारीसारखा समोरच्या रांगेवर उडतो. परदेशातील शाळांमध्ये विद्यार्थी याच प्रकारे गंभीर भाजले आहेत. क्षारांचे पाण्यातील द्रावण करून त्यात कुल्फीच्या काड्या रात्रभर भिजवाव्यात आणि त्या गॅसच्या बर्नरवर धराव्यात. तांब्याच्या क्षाराचा हिरवा, स्ट्रॉन्शियमचा लाल आणि मिठाचा पिवळा रंग तितकाच स्पष्ट दिसतो.

उत्तर : बारावीचे क्लासेस घेणारा (वरोरा)

चाचणी सोपी आहे. आयोडीन आणि कॉस्टिक सोडा टाकून कोमट केल्यास इथेनॉलमध्ये आयोडोफॉर्मचा पिवळा साका येतो, मिथेनॉलमध्ये येत नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकात हे असतेच.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र (यवतमाळ)

चाचणी बरोबर आहे, परंतु तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष धोक्याचा ठरू शकतो. पिवळा साका 'येथे इथेनॉल आहे' एवढेच सांगतो, 'मिथेनॉल नाही' असे तो सांगत नाही. आणि घातक ठरणारे द्रव बहुधा दोहोंचे मिश्रणच असते. चमच्यात ओतून काडी लावण्याची गावठी परीक्षाही याच कारणाने फोल आहे. सॅलिसिलिक आम्ल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालून तापवल्यास मिथेनॉल दुखऱ्या सांध्यांना लावायच्या बामसारखा वास देते. वर्गात दाखवण्यास ही चाचणी छान आहे, पण पिण्यायोग्यता ठरवण्यासाठी ती कोणीही वापरू नये. त्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफच (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) लागतो.

उत्तर : प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रयोगशाळा तंत्रज्ञ

सर, या द्रवाला सरसकट वाईट ठरवू नये, म्हणून थोडे लिहितो. हिवतापासाठी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर घेतला की आम्ही तो मिथेनॉलने स्थिर करतो. त्यामुळे तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि परजीवी कोणत्या जातीचा आहे ते ओळखता येते. जाड थराला मात्र मिथेनॉल लागू देत नाही, कारण तेथे पेशी फुटून त्यांतील तांबडे रंगद्रव्य निघून जाणेच हवे असते. काचपट्टी रंगवण्यासाठीचा लिशमन रंगही मिथेनॉलमध्येच विरघळवलेला असतो. आमच्याकडे बाटली कुलपात असते आणि किती वापरले ते वहीत लिहिले जाते. शाळेत पाच लिटर कशाला हवे, हेच कळत नाही.

उत्तर : कुरखेड्याकडचा

मोहाच्या दारूतही मिथेनॉल असते म्हणतात. पहिली धार फेकून दिली की ते निघून जाते, असे मोबाइलवर पाहिले. आमच्याकडे तर पहिल्या धारेचीच मागणी अधिक. खरे काय?

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

मोहफुलांतील साखर आंबली की मुख्यत्वे इथेनॉल बनते; मिथेनॉल वनस्पतीतील पेक्टिनपासून येते आणि त्याचे प्रमाण अल्प असते. साध्या भट्टीत ते पहिल्या धारेतच नीट वेगळे होऊन येते, हा समज चुकीचा आहे. सामूहिक विषबाधा बहुधा कारखान्यासाठीचे मिथेनॉल दारू म्हणून विकल्याने किंवा दारूत मिसळल्याने होते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशाच दारूने गेली. भट्टीची दारू म्हणून निर्धास्त राहू नये, कारण बाटलीत नंतर कोणी काय ओतले ते पिणाऱ्याला दिसत नाही.

मिथेनॉल स्वतः जितके विषारी, त्याहून त्याचे शरीरात होणारे रूपांतर घातक असते. यकृतातील विकर (एन्झाइम) त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवते. हे आम्ल पेशींचा श्वासोच्छ्वास रोखते आणि दृष्टीच्या मज्जातंतूला सर्वप्रथम इजा पोहोचवते. या रूपांतराला वेळ लागतो, म्हणून पिणारा रात्री नेहमीसारखा झोपतो आणि बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप आणि 'डोळ्यांपुढे धुके आले' ही तक्रार सुरू होते. सोबत इथेनॉलही घेतले असेल तर हा काळ आणखी लांबतो, आणि घरचे "उतरली नाही अजून" म्हणून निजवून ठेवतात. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनेही दृष्टी गेल्याची नोंद आहे.

विकराला इथेनॉल अधिक जवळचे असल्याने ते आधी इथेनॉलवर काम करते आणि मिथेनॉलचे रूपांतर रोखले जाते; म्हणून उपचारात इथेनॉल मोजून देतात. फोमेपिझोल हे औषधही तेच काम करते, पण महाग आहे. आम्ल वाढले असल्यास सोडिअम बायकार्बोनेट आणि डायलिसिस लागते. 'दारूचा उतारा दारू' असे समजून घरी काही पाजू नये. मात्रा चुकली तर रुग्ण बेशुद्धीत गुदमरतो. संशय येताच, लक्षणे नसली तरी, रुग्णाला डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयाकडे हलवावे आणि उरलेली बाटली सोबत न्यावी.

धानोऱ्याचा मास्तर

आपणा सर्वांचे आभार. काल मुख्याध्यापकांच्या परवानगीने कॅन सावलीतील, हवा खेळणाऱ्या खोलीत कुलूपबंद केला आणि त्यावर मराठी व गोंडी, दोन्ही भाषांत 'विष – पिऊ नये' असे लिहून घेतले. पुरवठादाराला तो परत नेण्याचे लेखी कळवले आहे. नाल्यात किंवा शेतात ओतण्याचा मार्ग आम्ही विचारात घेतला नाही. विज्ञान दिनाला कुल्फीच्या काड्याच वापरणार आहोत.

चौकीदाराला डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचून दाखवले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, "म्हंजे रातच्याला काही वाटत नाही, अन् सकाळी दिसत नाही?" मी होय म्हणालो. खोलीची किल्ली मी त्याच्याकडे न देता माझ्याकडेच ठेवावी, असे त्यानेच सुचवले.