जयगडचा कोळसा कधी थांबणार, याची तारीख कोकणाला हवी

आंबा बागायतदार, रत्नागिरी तालुका

कोकणच्या जमिनीत दगडी कोळसा नाही. जयगडच्या १२०० मेगावॉटच्या केंद्रासाठी तो जहाजांनी येतो, इथे जळतो, आणि त्याची वीज ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरून कोयना व कराडकडे चढते. केंद्राचे चारही संच २०१० आणि २०११ या दोन वर्षांत सुरू झाले. औष्णिक संचाचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे धरले जाते, म्हणजे २०३५-३६ हा हिशेबाचा टप्पा ठरतो. केंद्र उद्या बंद करा, असे मी म्हणत नाही. या टप्प्याला कोळसा थांबणार की संचांना मुदतवाढ मिळणार, हे आजच लेखी जाहीर व्हावे, एवढीच माझ्या निवेदनातली मागणी आहे.

देशाने २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचे आणि २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण आमच्या पंचक्रोशीच्या दृष्टीने या दोन सालांमध्ये नेमके काय घडणार, हे कोणी सांगत नाही. स्थानिक अंकुश असला की फरक पडतो, हे डहाणूने दाखवले आहे. तो तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे स्वतंत्र प्राधिकरण आले, आणि त्याच्या आग्रहामुळे तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या देशव्यापी मर्यादा त्यानंतर, २०१५ मध्ये आल्या.

निवृत्त वीज अभियंता, चिपळूण

आपली कळकळ मला मान्य आहे, परंतु तारीख मागण्यापूर्वी हिशेब मांडावा लागेल. १२०० मेगावॉटचे केंद्र सत्तर टक्के भाराने चालले तर दिवसाला सुमारे २ कोटी युनिट वीज देते. सौर पटलांचा एक मेगावॉट दिवसाला सरासरी ४००० युनिट देतो. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी ५००० मेगावॉट सौर क्षमता आणि मेगावॉटमागे चार एकर या हिशेबाने जवळपास २०,००० एकर जमीन लागेल. ही झाली वर्षाची सरासरी. आषाढात, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा काय करायचे, आणि संध्याकाळी सात वाजता मागणी चढते तेव्हा काय करायचे, याचे उत्तर या आकड्यात नाही.

कोयनेचे १९६० मेगावॉट संध्याकाळी उपयोगी पडतात, हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे. पण पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीपुरते बांधलेले आहे. नैसर्गिक वायूचा भरवसाही अंजनवेलला, म्हणजे पूर्वीच्या दाभोळ प्रकल्पात, आपण पाहिला: १९६७ मेगावॉटचा प्रकल्प केवळ वायू मिळेना म्हणून बराच काळ ठप्प होता. पर्याय उभा राहण्याआधी तारीख ठरवली, तर ती तारीख पाळली जाणार नाही आणि लोकांचा विश्वास मात्र जाईल.

शिक्षिका, राजापूर

या २०,००० एकरांचे नाव निघाले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण अशी जमीन शोधताना सगळ्यांची नजर आमच्या सड्यांवरच, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवरच जाते. सातबाऱ्यावर त्यांची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी असते. प्रत्यक्षात पहिल्या पावसानंतर त्या कातळावर गवत आणि रानफुले उगवतात, गुरे चरतात आणि मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना मिळते. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. त्यांपैकी निवडक स्थळे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कोळशाने धूर दिला म्हणून सूर्याला आमचा कातळ द्यायचा, हा सौदा मला मान्य नाही. सौर पटले छपरांवर बसवावीत.

दुकानदार, श्रीवर्धन

छपरांविषयी अनुभवाचे सांगतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे, कौले आणि विजेचे खांब एकाच दिवशी गेले, आणि आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता. सरकारी योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, हे चांगलेच आहे; मात्र वाहिनीला जोडलेला साधा संच वाहिनी बंद पडली की स्वतःही बंद होतो. किनाऱ्यावरच्या घराला बॅटरी आणि वाऱ्याला टिकेल असा सांगाडा लागतो. त्याचा खर्च कोण देणार?

आंबा बागायतदार, रत्नागिरी तालुका

राजापूरच्या बाईंचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. सडे झाकावेत असे मलाही वाटत नाही. पण अभियंतेसाहेब, जयगडची वीज कोकणापुरती कधीच नव्हती. मग तिची जागा घेणारी वीज कोकणातच का तयार व्हावी? देशावर, म्हणजे घाटापलीकडे, ऊन अधिक दिवस मिळते. जयगडला खरी मोलाची गोष्ट म्हणजे तिथून निघणाऱ्या वाहिन्या. कोळशाच्या साठवण-आवारातच मोठ्या बॅटऱ्या बसवल्या, तर दुपारची वीज त्याच वाहिन्यांनी खाली येईल आणि संध्याकाळी परत जाईल, नवी एकरभर जमीनही न घेता. पाण्याच्या रूपात साठवणूक घाटघरला २५० मेगावॉटपुरती झालेलीच आहे.

आणि तारीख नसण्याचे परिणामही आपण भोगले आहेत. दाभोळची वीजनिर्मिती २००१ मध्ये दराच्या वादात थांबली, तेव्हा कामगारांना तयारीसाठी एक वर्षही मिळाले नव्हते.

निवृत्त वीज अभियंता, चिपळूण

वाहिन्यांचा मुद्दा योग्य आहे आणि तो माझ्या मांडणीत सुटला होता. तरीही दोन-चार तासांची बॅटरी आषाढातला आठवडा भागवू शकत नाही, हे माझे म्हणणे कायम आहे. संचवार तारखा ठरवाव्यात, आणि एक संच बंद करण्यापूर्वी तेवढ्या क्षमतेची साठवणूक व देशावरून येणारी वीज एक पूर्ण पावसाळा चालवून दाखवावी, अशी अट असेल, तर आपल्या निवेदनावर मी सही करेन.