कुंडीतल्या पुदिन्याचं तेल निघेल का?

कोथरूडची काकू: भाजीवालीच्या जुडीतल्या काड्या लावल्या, तर पुदिन्याने शेजारचा गवती चहा गिळला! चटणीला घरचे कंटाळले. सासूबाई डोकं दुखलं की पुदिन्याचं तेल लावतात. ते घरी जमेल? खोबरेलात ओली पानं भिजत घातली, आठवड्यात बुरशी.

मेंथावाला: काकू, चटणीचा पुदिना वेगळा. त्यात कार्व्होन हे वासाचं द्रव्य जास्त, थंडावा देणारं मेंथॉल नावालाच. थंडावा जपानी पुदिन्याचा. मी उत्तर प्रदेशात बाराबंकीला नोकरीत होतो, तिथे मे-जूनमध्ये शेताकडेलाच तेल काढायच्या टाक्या पेटतात. पाल्यातून वाफ सोडायची, ती थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं. १०० किलो ओल्या पाल्याचं तेल अर्धा-पाऊण किलो. तुमच्या कुंडीचा हिशोब तुम्हीच करा :)

ओव्याचं फूल: त्यापेक्षा डोक्याला लावायला अमृतधारा करा. पेपरमिंटची फुलं (म्हणजे मेंथॉलचे खडे), ओव्याची फुलं (थायमॉलचे खडे), भीमसेनी कापूर बाटलीत घालून हलवा, आपोआप पातळ होतं. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मात्र नको, श्वास अडकू शकतो.

कोथरूडची काकू: बापरे, नात आठ महिन्यांची आहे, बाटली वरच्या फळीवर ठेवते. आणि पुदिना? उद्यापासून ताकात.