होंगलौमंगवर शोधनिबंध: ऐंशी प्रकरणं धरू की एकशेवीस?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. तुलनात्मक साहित्यात एमए करते आहे, शेवटचं वर्ष. चिनी पुण्यात शिकले. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी झाली आहे, त्यामुळे साधा मजकूर वाचता येतो, पण अठराव्या शतकातली कादंबरी वाचायची तर शब्दकोश आणि डेव्हिड हॉक्सचं इंग्रजी भाषांतर शेजारी लागतंच.

शोधनिबंधासाठी छाओ श्वेछिनची 'होंगलौमंग' घेतली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लाल हवेलीचं स्वप्न असं नाव, जिया हे सरदार घराणं, त्यातला मुलगा बाओयू, दाइयू आणि बाओछाय या त्याच्या दोन बहिणी (एक आतेबहीण, एक मावसबहीण), आणि हळूहळू बुडत जाणारं घर. मी विषय दिला होता 'एकत्र कुटुंबाचा ऱ्हास'. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, विषय फार पसरट आहे, नेमका धागा घेऊन ये.

अडचणी तीन. पहिली ऐंशी प्रकरणं छाओची आणि पुढची चाळीस दुसऱ्या हातची म्हणतात, मग मी कुठे थांबू? १९८७ च्या चिनी मालिकेचा शेवट तर छापील कादंबरीपेक्षा वेगळाच निघाला. दुसरं, जो लेख उघडावा तो छाओच्या आजोबांवर. हा घराण्याचा इतिहास किती वापरायचा? आणि तिसरं, नेमका धागा कोणता?

कापडपेठ

चांदणवेल, विषय सोडू नकोस. मी नानजिंगला शिकले, तिथे याच कादंबरीवर काम केलं आणि आता हीच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिसरा प्रश्न, कारण बाकीचे दोन त्यातून सुटतात. तुझा धागा पैसा. घरातला रोजचा, हिशेबातला पैसा.

सहाव्या प्रकरणात ल्यू आजी नावाची खेडवळ म्हातारी दूरचं नातं काढून मदत मागायला येते. घरचा कारभार बघणारी सून वांग शीफंग तिला वीस ल्यांग चांदी देते. दासींच्या कपड्यांसाठी आणून ठेवलेले पैसे होते ते. (एक ल्यांग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम.) तीच ल्यू आजी एकोणचाळिसाव्या प्रकरणात परत येते. बागेत नुकतीच खेकड्यांची मेजवानी झालेली असते. ती बोटांवर हिशेब करते: खेकडे एवढे, भाव एवढा, वर दारू आणि इतर पदार्थ, म्हणजे वीसावर ल्यांग झाले. आणि म्हणते, एवढ्यात आम्हा शेतकऱ्यांचं वर्ष निघतं. लेखक इथे एका शब्दाचंही भाष्य करत नाही, आकडा तेवढा वाचकासमोर ठेवतो.

आता पंचावन्नावं प्रकरण वाच, सावकाश वाच. शीफंग आजारी आहे आणि कारभार थानछुनकडे आला आहे. ही बाओयूच्या वडिलांच्या उपपत्नीच्या, म्हणजे चाओबाईच्या पोटची मुलगी. त्याच वेळी चाओबाईचा भाऊ वारतो. त्याच्या अंत्यविधीला किती द्यायचे? थानछुन जुन्या वह्या मागवते, घरच्याच नोकरवर्गातल्या माणसांना काय दिलंय ते बघते आणि वीस ल्यांग ठरवते. आई रडत येते: अगं, तुझा सख्खा मामा तो! थानछुन विचारते, कोण माझा मामा? माझ्या मामाला नुकतीच मोठी बढती मिळाली आहे. म्हणजे वडिलांच्या मोठ्या बायकोचा भाऊ. नियमाने तिचं बरोबर आहे. उपपत्नीच्या मुलांची कायद्याने आई मोठी बायकोच. पण जन्मदात्री समोर उभी आहे. आईमुलीतलं हे भांडण मी जितक्यांदा वर्गात वाचते तितक्यांदा माझा आवाज बदलतो. वंश, दर्जा, रक्ताचं नातं, स्त्रीची अक्कल आणि तिला बांधून घातलेली चौकट, सगळं एका रकमेत आलं आहे.

असे प्रसंग शोधत गेलीस की ऱ्हास डोळ्यांसमोर उभा राहील. त्रेपन्नाव्यात वर्षाखेरीला इस्टेटीवरचा कारभारी हरणं, डुकरं, धान्य यांची लांबलचक यादी घेऊन येतो. मालकाला किमान पाच हजार ल्यांगची आशा असते, मिळतात अडीच हजार. छप्पन्नाव्यात थानछुन बाग म्हाताऱ्या बायकांना वाटून देते आणि वर्षाला चारशे ल्यांगची बचत काढते. बहात्तराव्यात बाओयूच्या आजीच्या वस्तू गुपचूप गहाण ठेवायची वेळ. पंचाहत्तराव्यात आजीच्या पंगतीला खास तांबडा भात नेमका मोजून केलेला असतो आणि सुनेच्या वाढणीला पुरत नाही. सत्त्याहत्तराव्यात औषधासाठी आजीच्या साठ्यातलं जिनसेंग काढतात, तर ते इतकं जुनं की त्यात सत्त्वच उरलेलं नाही. मला विचारशील तर पुढे घरावर येणाऱ्या जप्तीच्या धडाकेबाज प्रसंगाहून हा भात आणि हे जिनसेंग जास्त भेदक आहेत.

आता दुसरा प्रश्न, घराण्याचा. हू श या चिनी अभ्यासकानं १९२१ मध्ये कागदपत्रं काढून दाखवलं की लेखक हा नानजिंगच्या शाही विणकाम खात्याच्या प्रमुखाचा, छाओ यिनचा नातू. छाओ घराणं सम्राटाच्या खाजगीतलं, वंशपरंपरेनं बांधलेलं सेवक घराणं. कांगशी सम्राट दक्षिणेच्या दौऱ्यात चार वेळा छाओ यिनकडे उतरला. त्या पाहुणचाराने आणि मिठाच्या महसुलाच्या कामाने कर्ज डोक्यावर बसलं, आणि योंगचंग सम्राटाच्या काळात, १७२७-२८ मध्ये, घरावर जप्ती आली. कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात म्हातारी दाई दुसऱ्या एका घराण्याबद्दल सांगते की त्यांच्याकडे सम्राट चार वेळा उतरला. हे जुळतं, आणि ते नोंदवायलाच हवं. पण त्यानंतर तीन पिढ्यांचे अभ्यासक बाओयू म्हणजे छाओ, अमकी म्हणजे त्याची आत्या, अशा जुळवाजुळवीत अडकले. तू एक परिच्छेद इतिहासाला दे आणि परत कादंबरीत ये.

तळटीप

कापडपेठ ताईंशी सहमत. पहिल्या प्रश्नाबद्दल मी भर घालतो, माझं काम पाठचिकित्सेचं आहे.

छाओच्या हयातीत ही कादंबरी छापलीच गेली नाही. हस्तलिखितं फिरत होती, ती ऐंशीच्या आसपास थांबतात. पहिली छापील आवृत्ती छंग वेइयुआन आणि काओ अ यांनी १७९१ मध्ये काढली, एकशेवीस प्रकरणांची, आणि दुसऱ्याच वर्षी सुधारून पुन्हा. बराच काळ शेवटची चाळीस काओ अच्या नावावर टाकली जात. बीजिंगच्या जनसाहित्य प्रकाशनाने २००८ च्या आवृत्तीत मात्र 'पुढील भाग अज्ञाताचा, छंग आणि काओ यांनी नीट लावलेला' असं छापलं. तेव्हा निबंधात 'काओ अने लिहिलेली चाळीस प्रकरणं' असं बिनदिक्कत लिहू नका, परीक्षक पकडतील.

आपल्याकडे भांडारकर संस्थेतलं महाभारताचं काम (१९१९ ते १९६६) डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ गाठायचा असं वाटतं. इथे ते तसं चालत नाही. लेखक स्वतः पुन्हा पुन्हा बदल करत होता आणि झ-यानझाय या टोपणनावाचा जवळचा माणूस समासात तांबड्या शाईने शेरे लिहीत होता. तेराव्या प्रकरणावर तर नोंदच आहे की छिन कचिंग या सुनेच्या मृत्यूचा मूळ प्रसंग लेखकाला काढायला लावला आणि त्यामुळे चार-पाच पानं कमी झाली. म्हणजे 'मूळ' पाठ एक नाहीच. प्रत्येक हस्तलिखित हा लेखनाचा एकेक टप्पा.

पिंपळपार

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. हिशेबाचा धागा चांगला आहे, पण ही कादंबरी फक्त जमाखर्च वाटायला नको. सुरुवात होते ती एका शिळेपासून, तिच्यावर कोरलेल्या कथेपासून, लंगड्या ताओ साधूच्या त्या गाण्यापासून की सगळं संपल्याशिवाय सुटका नाही. वांग ग्वोवेइ या चिनी अभ्यासकानं १९०४ मध्येच शोपेनहावर या जर्मन तत्त्वज्ञाच्या आधाराने ही इच्छा आणि दुःखाची कादंबरी म्हणून वाचली. आणि फक्त अर्थकारण बघण्याचं टोक १९५४ मध्ये दिसलंच: यू फिंगपोसारख्या अभ्यासकावर, तो वर्गसंघर्ष बघत नाही म्हणून, देशभर मोहीम चालली, त्याला माओच्या पत्राचा पाठिंबा होता. यू फिंगपोवरचा तो ठपका अधिकृतपणे दूर व्हायला १९८६ उजाडलं. कविता, बाग, प्रेम, वैराग्य यांचं काय?

कापडपेठ

पिंपळपार, १९५४ ची आठवण करून दिलीत ते महत्त्वाचं. चांदणवेलनं ते प्रकरण प्रस्तावनेत घ्यावंच, कारण चीनमध्ये या कादंबरीचा अभ्यास किती महाग पडू शकतो ते त्यात आहे.

पण मला कविता आणि पैसा वेगळे काढता येत नाहीत, आणि ते छाओनेच येऊ दिलेलं नाही. ती खेकड्यांची मेजवानी कशासाठी होती? कवितामंडळासाठी. शियांगयुन या अनाथ मुलीला यजमानपद हवं असतं. सदतिसाव्याच्या शेवटी बाओछाय तिला रात्री हळूच विचारते, महिन्याचे तुझे पैसे ते किती, यात भागणार कसं? आणि आपल्या दुकानातल्या माणसाच्या शेतातले खेकडे मागवते, शियांगयुनचा मान राखून. पुढच्या प्रकरणात शेवंतीवरच्या त्या सुंदर कविता होतात, दाइयू पहिली येते. आणि त्याच्या पुढच्यात ल्यू आजी किंमत लावते. तीन प्रकरणं सलग आहेत.

आणखी एक. सत्तावन्नाव्यात गरीब नातेवाईक मुलीची गहाणाची पावती शियांगयुनच्या हाती लागते. ती आणि दाइयू दोघींना ती ओळखता येत नाही. इतक्या शिकलेल्या, कविता रचणाऱ्या मुली, आणि विचारतात हा कागद कसला. छाओंच्या घरी जप्ती झाली तेव्हा रोकड जेमतेम आणि गहाणाच्या पावत्या मात्र हजारभर ल्यांगच्या, अशी त्या काळातली नोंद आहे. ज्याच्या घरात हे झालं त्यानं हा प्रसंग लिहिला. इतिहास वापरायचा तो असा.

चांदणवेल

ताई, गहाणाच्या पावतीचा प्रसंग मी वाचून पुढे गेले होते, आज परत काढला. बाईंना 'वीस ल्यांग' हा धागा पाठवते. मग शेवटची चाळीस पूर्ण वगळू का?

कापडपेठ

वगळू नकोस. मुख्य विवेचन ऐंशीवर ठेव आणि शेवटच्या चाळिसांना स्वतंत्र प्रकरण दे. एकशेपाचव्यात जप्तीत शीफंगच्या सावकारीचे दस्तऐवज सापडतात. तिची ही सावकारी एकोणचाळिसाव्यात तिची दासी फिंगर हिच्या तोंडून आधीच कळलेली असते, दासींचे महिन्याचे पैसे ती व्याजाने फिरवते म्हणून. एकशेसातव्यात बाओयूची आजी आपली साठवण सगळ्यांना वाटते. तेव्हा पुढच्या लेखकाला हा धागा दिसला होता. पण शेवटी तो घराला पुन्हा सावरतो, आणि मला तिथे तो छाओपासून दूर गेलेला वाटतो. का, ते तू शोध.

मूळ मजकुरासाठी जनसाहित्य प्रकाशनाची प्रत घे, पहिल्या ऐंशींसाठी तिचा आधार १७६० चं 'गंगछन' हस्तलिखित आहे. हॉक्स शेजारी ठेव, पण त्याने छापील आणि हस्तलिखित पाठ आपल्या निवडीने एकत्र केले आहेत, त्यामुळे रकमा उद्धृत करताना आधी चिनी बघ. पंचावन्न आणि छप्पन्न वाचून झालं की थानछुनच्या वहीतल्या सगळ्या रकमांचा एक तक्ता कर आणि इथे टाक, मी तपासून देते.